मुलांचा तोंडी हिशेब वहीत कसा आणाल?

शहरी शाळांत गणित-विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी

महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतले शिक्षक प्रशिक्षणात, शिक्षण परिषदेत आणि स्टाफरूममध्ये तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. मुलांच्या अनुभवातून शिकवा असे सगळेच सांगतात, पण ३५ मिनिटांच्या तासिकेत ते बसवायचे कसे? एकाच वर्गात पाच-सहा घरभाषांची मुले असतील, तर अनुभव कोणाचा धरायचा? आणि या सगळ्यात अभ्यासक्रम मागे पडला तर जबाबदार कोण? या तीन प्रश्नांची उत्तरे इथे क्रमाने देत आहे. उदाहरणे पाचवी ते आठवीच्या वर्गांना धरून आहेत, पण रीत खालच्या वर्गांनाही लागू पडते.

त्याआधी एक समज पक्की करून घ्या. मूल घरी, बाजारात, मैदानावर जे गणित करते ते आपोआप वहीत उतरत नाही. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात तेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अॅनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. गिऱ्हाईक समोर असताना या मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. त्याच संख्या कागदावर नुसत्या उदाहरणांच्या रूपात दिल्या, तेव्हा हे प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा कोलकाता आणि दिल्लीतल्या मुलांवरचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाजारात काम करणारी मुले शालेय पद्धतीच्या सोप्या गणितांपाशी अडली आणि शाळेत बऱ्यापैकी गणित करणारी मुले बाजारातल्या हिशेबापाशी. म्हणजे दोन्ही काठांवर ज्ञान आहे, मधला पूल मात्र नाही. तो बांधणे हे शिक्षकाचे काम आहे आणि ते रोजच्या तासिकेतच करता येते.

पायरी १ : आधी आठवडाभर ऐका

नवा घटक सुरू करण्याआधीच्या आठवड्यात एक छोटी वही जवळ ठेवा. मधल्या सुट्टीत, शाळा सुटताना, पालकसभेत जे कानावर पडेल ते टिपा. वेगळी तासिका लागत नाही. चार गोष्टींकडे लक्ष द्या:

- मापे : डझन, ग्रोस, वार, सूत, ब्रास, पावशेर, मासळीचा वाटा, पाण्याचा हंडा. मुलांच्या बोलण्यात कोणती मापे येतात?
- मोजण्याची भाषा : मूल मनात कोणत्या भाषेत मोजते? उत्तर मराठीत सांगणारी अनेक मुले बेरीज मात्र हिंदीत, कानडीत किंवा तेलुगूत करतात.
- तोंडी हिशेबाची रीत : ३५ रुपयांच्या १० वस्तूंचे किती, असे विचारा आणि उत्तर कसे काढले तेही विचारा. रेसिफीतल्या एका मुलाने हेच उत्तर तीन-तीन नारळांचे १०५ धरत, ते जोडत-जोडत काढले होते. शून्य लावायचा नियम त्याने वापरला नाही, पण ३५० हे उत्तर बरोबर आणले.
- निसर्गाचा आणि वस्तूंचा अनुभव : वरच्या मजल्यावर पाणी का चढत नाही, इडलीचे पीठ थंडीत उशिरा का फुगते, भरती कधी येते, कोणते प्लॅस्टिक वेगळे ठेवतात.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘तुझे वडील काय करतात?’ असे विचारू नका. ‘तुमच्याकडे हे कसे मोजतात?’ असे सगळ्या वर्गाला विचारा. पहिला प्रश्न मुलाची ओळख विचारतो, दुसरा त्याला ठाऊक असलेली गोष्ट विचारतो.

पायरी २ : अनुभव घटकाशी जोडा

टिपलेल्या नोंदींपैकी प्रत्येक नोंद वापरायची नसते. पाठ्यपुस्तकातल्या घटकाशी ज्यांचे गणिती किंवा शास्त्रीय नाते घट्ट आहे, तेवढ्याच उचला. पाच नमुने देत आहे.

सममूल्य अपूर्णांक आणि सूत. सुतार, फॅब्रिकेशनवाले, प्लंबर इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा, सहा सूत म्हणजे पाऊण. हे ठाऊक असलेल्या मुलाला २/८ आणि १/४ समान आहेत हे पटवावे लागत नाही, फक्त लिहायला शिकवावे लागते. मोजपट्टीवरच्या इंचाच्या बाजूने सुरुवात करा, मग सेंटिमीटरच्या बाजूकडे वळा. १ इंच २.५४ सेंटिमीटरचा, तर एक सूत किती मिलिमीटरचे, हा भागाकार मुले आवडीने करतात. उत्तर सुमारे ३.२ येते.

दशांश अपूर्णांक आणि षटके. क्रिकेटच्या धावफलकावर १४.३ षटके म्हणजे १४ षटके आणि ३ चेंडू. षटकात सहा चेंडू असल्याने हे प्रत्यक्षात साडेचौदा, म्हणजे १४.५ होतात. या षटकांत ११६ धावा झाल्या असतील, तर धावगती बरोबर ८ येते. १४.३ ने भागले तर ८.११ येईल आणि ते चूक ठरेल. घड्याळातले २.३० आणि गणितातले २.५, पाच फूट सहा इंच आणि ५.६ फूट, या जोड्याही फळ्यावर शेजारी मांडा. दशांश चिन्हाच्या उजवीकडचा अंक दहाव्या भागांचा असतो ही गोष्ट मुलांना अशा तुलनेतून खरी कळते, कारण त्यांची चूक नेमकी कुठून येते तेच इथे समोर दिसते.

चंद्रकला आणि भरती. मुंबईतल्या कोळीवाड्यांत आणि कोकण किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: पंधरवड्यातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. या ठोकताळ्यात रोज ४५ मिनिटांचा फरक धरला आहे, प्रत्यक्षात भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. छापील भरती-ओहोटीचे वेळापत्रक मिळवा, पंधरा दिवसांच्या नोंदी करा, आलेख काढा आणि ठोकताळा कुठे जुळतो, कुठे सरकतो ते मुलांना शोधू द्या. परंपरेतले ज्ञान तपासून पाहणे हाच त्याचा मान ठेवण्याचा वैज्ञानिक मार्ग आहे. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्दही इथेच येऊ द्या. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत असतात तेव्हा उधाण का येते, हा पुढचा प्रश्न मुले स्वतःच विचारतील.

क्षेत्रफळ, घनफळ आणि पाऊस. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली. दहा बाय बारा फुटांचे छप्पर म्हणजे १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११.१५ चौरस मीटर. त्यावर त्या दिवशी साडेदहा हजार लिटर पाणी पडले असते. प्लॅस्टिकच्या बाटलीचे पर्जन्यमापक बनवून शाळेच्या गच्चीवर ठेवा आणि जून-जुलैभर नोंदी घ्या.

घनता आणि बाटलीचे झाकण. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा तुकडा आणि तिचेच झाकण बादलीत टाका. आत हवा अडकणार नाही याची काळजी घ्या. तुकडा बुडतो, झाकण तरंगते, कारण दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकची असतात. भंगार वेगळे करताना हा भेद हातांना कळतो, वर्गात त्याला घनतेचे नाव मिळते.

पायरी ३ : ३५ मिनिटांची मांडणी

1. पहिली ८ मिनिटे : प्रसंग मांडा. मुलांना जोडीने, हव्या त्या भाषेत बोलू द्या.
2. पुढची १० मिनिटे : दोन-तीन मुलांच्या रीती त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. चूक-बरोबर लगेच सांगू नका, ‘हे कसे काढलेस?’ एवढेच विचारा.
3. पुढची १२ मिनिटे : पुस्तकातली रीत शेजारी लिहा आणि दोन्हींतले साम्य दाखवा. ३५ ला १२ ने गुणताना मूल दहाचे ३५० आणि दोनचे ७० असे जोडत असेल, तर उभ्या गुणाकारातल्या दोन ओळी नेमक्या याच आहेत हे बाणाने दाखवा.
4. शेवटची ५ मिनिटे : संदर्भ नसलेले एक उदाहरण आणि नव्या संदर्भातले एक उदाहरण द्या. मूल दोन्ही करू शकले, तरच मधला पूल झाला.

चौथा टप्पा घाईत सुटतो. तो सोडू नका, कारण परीक्षेत मुलासमोर बिनसंदर्भाचीच उदाहरणे जास्त येतात. प्रत्येक तासिका अशी घेण्याची गरज नाही. प्रत्येक घटकाची पहिली तासिका अशी घेतलीत, तर पुढच्या तासिकांतले पुन्हा समजावणे कमी होते आणि वेळ भरून निघतो.

वर्गात अनेक भाषा असतील तर

कुणा एकाचीच संस्कृती धरू नका. एका घटकात तीन घरांचे तीन अनुभव आले तरी चालते. भाषेच्या बाबतीत पुढील गोष्टी करा:

- संख्यानामांकडे लक्ष द्या. मराठीत आणि हिंदीत एकवीस म्हणताना एकक आधी येते, लिहिताना दशक आधी. तमिळ, तेलुगू आणि कन्नडमध्ये बोलतानाही दशक आधी येते. म्हणून तेलुगू घरातले मूल पंचेचाळीस ऐकून ५४ लिहीत असेल, तर त्याला स्थानिक किंमत कळत नाही असे लगेच ठरवू नका. २०१९ साली मंगला नारळीकर यांच्या समितीने बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असा पर्याय दिला होता, तो याच अडचणीवर. त्यावर झालेला वाद बाजूला ठेवून दोन्ही रूपे तोंडी वापरा.
- घरातले अपूर्णांक वापरा. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द मुलांच्या कानावर रोज पडतात. पावणेदोनशे म्हणजे १७५ हे चटकन सांगणारे मूल १.७५ पाशी अडत असेल, तर आधी तोंडी, मग लेखी असा क्रम घ्या.
- सेमी इंग्रजी वर्गात पायऱ्या ठेवा. सेमी पद्धतीत गणित आणि विज्ञान हेच विषय इंग्रजीतून येतात, म्हणजे अवघड विषयांवर परक्या भाषेचा भार पडतो. आधी अनुभव, मग मुलाचा शब्द, मग मराठी संज्ञा, मग इंग्रजी संज्ञा, शेवटी चिन्ह. ओला कपडा वाळला, मग बाष्पीभवन, मग इव्हॅपोरेशन. भिंतीवर तीन रकान्यांचा तक्ता लावा आणि तो मुलांकडूनच भरून घ्या.
- उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना मजकूर उजवीकडून डावीकडे आणि संख्या डावीकडून उजवीकडे वाचायची सवय असते. समीकरण कुठून वाचायचे हे त्यांना पहिल्या आठवड्यातच स्पष्ट सांगा.

पायरी ४ : टाचणाखाली तीन ओळी

चिंतनशील अध्यापन म्हणजे आपण काय शिकवले याबरोबर कोणाला काय पोहोचले हेही तपासणे. त्यासाठी मोठा अहवाल नको. पाठाच्या टाचणाखाली रोज तीन प्रश्नांची एकेका ओळीत उत्तरे लिहा:

- आज कोण बोलले आणि कोण अजिबात बोलले नाही?
- कोणत्या चुकीमागे मुलाचा तर्क होता? तो तर्क कोणता?
- उद्या मी नेमके काय बदलणार?

महिन्यातून एकदा मागच्या नोंदी वाचा. गप्प राहणाऱ्यांत एकाच वस्तीची, एकाच भाषेची मुले किंवा फक्त मुलीच आहेत का ते पाहा. प्रयोगात साहित्य हाताळायला मुलगे आणि नोंदी लिहायला मुली असे होते का? मागच्या बाकावर कोण बसते, हे तुम्ही ठरवले की आपोआप ठरले? शक्य असेल तर शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकांना एक तासिका बसायला सांगा. तुम्ही कोणाला किती वेळा प्रश्न विचारला, एवढेच त्यांनी मोजायचे. हीच नोंद पुढे कृतिसंशोधनाचा पाया होऊ शकते.

मूल्यमापनात याची जागा कुठे?

वेगळे गुण लागत नाहीत. आकारिक मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही तंत्रे आहेतच. पर्जन्यमापकाच्या नोंदी प्रकल्पात, तोंडी हिशेबाची रीत तोंडी कामात, बादलीतला प्रयोग प्रात्यक्षिकात धरा. प्रत्येक नोंदीसमोर संबंधित अध्ययन निष्पत्ती लिहा. अधिकाऱ्यांनी विचारले तर हीच नोंद दाखवा.

या चुका टाळा

- जातीशी जोडू नका. आपल्या समाजात व्यवसाय जातीशी बांधलेले आहेत. ‘तुमच्याकडे चामड्याचे काम चालते ना, सांग बघू’ असे म्हटलेत, तर सगळ्या वर्गासमोर त्या मुलाची जात उघडी पडते. व्यवसाय सगळ्या वर्गाचा अभ्यासविषय करा, कुणा एकाची ओळखपट्टी नाही.
- घर मोजायला लावू नका. स्वतःच्या घराचे क्षेत्रफळ सांगताना मुले लाजतात किंवा खोटे सांगतात. वर्गखोली, व्हरांडा, शाळेचे मैदान मोजा.
- सणांपुरते थांबू नका. रांगोळीतली सममिती चांगलीच, पण सगळी उदाहरणे एकाच धर्माच्या सणांतली असतील तर काही मुले बाहेरच राहतात.
- अनुभवातच अडकून पडू नका. किराणा दुकानाच्या हिशेबावर थांबलात, तर मूल बीजगणितापर्यंत पोहोचत नाही. गरीब वस्तीतल्या मुलांना व्यवहारापुरते गणित पुरे, हा विचार अन्यायाचा आहे.
- कष्टांचे कौतुक करू नका. १४ वर्षांखालील मुलाला शाळेच्या वेळेबाहेर, सुट्टीत, धोका नसलेल्या कौटुंबिक व्यवसायात मदत करण्यापलीकडे कामाला लावायला कायद्याने बंदी आहे. मूल कामामुळे शाळा चुकवत असेल, तर ते गणिताचे साहित्य समजू नका. मुख्याध्यापकांशी बोला आणि गरज पडली तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकावर कळवा.

कायदा तुमच्या आणि मुलांच्या बाजूने काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. या विषयापुरती त्यातली पुढील कलमे लक्षात ठेवा:

- कलम २९ : शिकणे कृती, शोध आणि अन्वेषणातून व्हावे, शक्य तिथवर मातृभाषेतून व्हावे आणि मुलाला भीतीविना मत मांडता यावे. मुलाला घरच्या भाषेत विचार करू देणे या कलमातच बसते.
- कलम २४ : अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून जादा मार्गदर्शन देणे आणि पालकांशी नियमित बोलणे हेही त्याच कलमात आहे. तिन्ही कर्तव्ये एकत्र आहेत.
- कलम १७ : शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक त्रासालाही मनाई आहे. भाषेवरून, उच्चारावरून, वस्तीवरून चिडवणे यात येते.
- कलम ५ आणि १४ : शाळा सोडल्याच्या दाखल्याला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश अडवता येत नाही. कामासाठी वस्ती बदलणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी ही कलमे मोलाची आहेत.
- कलम २१ : शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. वस्तीतले ज्ञान शाळेत आणण्याचा हा अधिकृत मार्ग आहे. समितीतल्या पालकांना मोजमाप किंवा पाणीपुरवठा या विषयावर वर्गाशी बोलायला बोलवा.
- कलम २७ : जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना लावता येत नाहीत.

मदत कुठे मिळेल?

मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ पासून ते गणित-विज्ञान शिक्षणावर काम करते. तिथे असताना अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी मुंबईतल्या कष्टकरी वस्तीतल्या मुलांच्या शाळेबाहेरच्या गणिताचा अभ्यास केला आहे. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून प्रयोग करता येतात. अरविंद गुप्ता यांची खेळण्यांतून विज्ञान शिकवणारी पुस्तके आणि चित्रफिती मराठीतही मोफत मिळतात. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेचे काम त्यावर बरेचसे भागते.

पहिल्या महिन्यात एवढेच करा

पहिल्या आठवड्यात ऐका. दुसऱ्या आठवड्यात एक घटक निवडा आणि त्याची पहिली तासिका वर दिलेल्या मांडणीने घ्या. तिसऱ्या आठवड्यात टाचणाखालच्या तीन ओळी सुरू करा. चौथ्या आठवड्यात केंद्राच्या शिक्षण परिषदेत तुमचा अनुभव दहा मिनिटांत मांडा आणि इतरांचे ऐका. सगळे घटक एकदम बदलायला जाऊ नका. वर्षाला प्रत्येक विषयातले चार घटक अशा रीतीने उभे राहिले, तरी तीन वर्षांत तुमच्याच शाळेची एक भक्कम पाठसंहिता तयार होते आणि ती पुढच्या शिक्षकांना उपयोगी पडते.

गणित आणि विज्ञान कच्चे राहिले की शहरातल्या गरीब मुलासमोरच्या पुढच्या वाटा सर्वांत आधी बंद होतात. या मुलांना मोजता येते, तर्क करता येतो, निरीक्षण करता येते. ते वहीत उतरवून देण्याची जबाबदारी आपली आहे. येत्या सोमवारच्या तासिकेपासून सुरुवात करा.